तू घराची किंमत विचारलीस म्हणून

भिलवडी, ता. पलूस, जि. सांगली

चि. महेश यास अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू, आज घर विकले तर किती येतील, असे विचारलेस आणि मी उत्तर न देता फोन ठेवला, ते मला शोभले नाही. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी मोजकेच बोलते आहे. तू का विचारलेस, हे मात्र या पत्रात काढायचे नाही, असे ठरवून लिहायला बसलो आहे.

सोमवारी ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा आणला. त्यावर जागा २,४५० चौरस फूट, म्हणजे सव्वादोन गुंठे आहे. परंतु काकाच्या नातवाला टेपचे दुसरे टोक धरायला लावून मोजली तेव्हा २,३१० भरली, कारण २००५ च्या पुरात पडलेली मागची भिंत पुन्हा बांधताना आपणच ती आत घेतली होती. हा उतारा कर आकारणीचा असतो, मालकीचा पुरावा नव्हे, हेही लक्षात ठेव.

रेडी रेकनरचा दर मुद्रांक शुल्कासाठी असतो. आपल्या गल्लीत पाणी कुठवर चढते हे त्याला कळत नाही. म्हणून अलीकडे नोंदलेल्या दोन व्यवहारांच्या सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचे उतारे, काढल्या. एक भावाभावांतला आहे, तो धरता येत नाही. दुसरे घर वरच्या रस्त्याला, जिथे पाणी कधी आले नाही, ते जागेपुरते ७०० रुपये फुटाने गेले. आपली जागा ४५० ते ६०० च्या पुढे जाणार नाही. सोप्याच्या खांबावर २००५ ची खूण माझ्या गुडघ्याखाली आहे, २०१९ ची खांद्याला लागते आणि २०२१ ची त्या दोहोंच्या मध्ये. गिऱ्हाईक येण्याआधी खांब रंगवून घ्या, असे एकाने सुचवले. मी रंगवणार नाही. त्या पहिल्या पुरात, नववीत असताना, आईचे शिलाई मशीन तू एकट्याने माळवदावर नेलेस. पाय घसरेल म्हणून मी खालून ओरडत होतो आणि तू एकदाही मागे पाहिले नाहीस. तुझ्यावर काही संकट आले तरी तू असाच न सांगता ओझे उचलशील, याचीच मला धास्ती वाटते. नोकरीत काही कमीजास्त झाले आहे का?

असो. पुढच्या ९०० फूट आरसीसी बांधकामाला आज नव्याने १,७०० रुपये फुटाने खर्च येईल. पण असे बांधकाम साधारण ६० वर्षांचे धरतात आणि आपले त्यातले निम्मे आयुष्य सरले आहे, म्हणून घसारा वजा जाता साडेसात लाख. मागच्या माळवदाच्या मातीच्या भिंतींना किंमत नाही. सागवानी तुळया व घडीव दगड यांचे सव्वा लाख धरले. सर्व मिळून १९ ते साडेबावीस लाख होतात. सरकारमान्य मूल्यांकक गुरुवारी येणार आहेत. त्यांच्याकडून १ एप्रिल २००१ रोजीची किंमतही लिहून घेणार आहे, कारण वडिलोपार्जित घराच्या भांडवली नफ्यावरील करासाठी तीच खरेदीची किंमत म्हणून धरता येते.

विकायचे नसून तारण ठेवायचे असेल, तर बँक स्वतःच्या मूल्यांककाचा आकडा धरते आणि कर्ज त्याहून कमीच देते. काहीही केले तरी ताईचा हक्क तुझ्याइतकाच आहे. तिला आधी विचारल्याशिवाय एक कागदही पुढे सरकवू नकोस, आणि हप्ते भागवण्यासाठी दुसरे कर्ज तर कधीच काढू नकोस. पुन्हा उपदेश झाला, माफ कर. पुण्यात स्वतःच्या बळावर उभा राहिलेल्या मुलाला हे शिकवण्याचे कारण नाही, आणि गावात तुझे नाव निघाले की माझी मान ताठ होते, हे तुला कधी सांगितलेही नाही.

तरीही विचारतो, राहवत नाही. पैशाची अडचण असेल तर ती किती आहे, एवढे कळव. रात्री साडेनऊनंतर फोन कर. तोवर आई झोपलेली असते आणि मी सोप्यात एकटाच असतो.

तुझा,
अण्णा