शेळ्यांची नावे वंशवृक्षावर तशीच राहू देणाऱ्या संशोधक मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आमच्या शेळ्यांना जंताचे औषध का लागू पडत नव्हते, यावरचा आपला अहवाल हाती पडल्यापासून हे पत्र लिहायचे मनात होते. परंतु लिहायला बसलो की गेलेल्या शेळ्या डोळ्यांसमोर येत आणि कागद बाजूला पडे. आता मात्र राहवत नाही. आपले आभार चार लोकांसमोर मानले पाहिजेत असे मनापासून वाटते, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

आपल्याकडे येण्याआधी मी ज्यांच्या ज्यांच्याकडे गेलो, त्यांनी मला एकच उत्तर दिले होते. शेळ्यांच्या जबड्याखाली सूज येत होती, पापण्यांची आतली बाजू पांढरीफटक पडत होती, जंताचे औषध पाजूनही जनावर उभे राहत नव्हते. आणि तरीही प्रत्येकाचे म्हणणे असे की औषध नीट पाजले नसेल, वजन अंदाजाने धरले असेल. प्रत्येक शेळीचे वजन काट्यावर करून ज्या वहीत मी नोंदवत होतो, ती वही सोबत नेऊनही कोणी उघडून पाहिली नाही. एका ठिकाणी नमुने ठेवून घेतले गेले, त्यांचे पुढे काय झाले ते आजवर कळलेले नाही. जनावर गेल्याचे दुःख माणूस गिळतो. पण ते तुमच्याच हलगर्जीपणामुळे गेले, असे पुन्हा पुन्हा ऐकावे लागते तेव्हा ते गिळता येत नाही.

आपण सर्वांत आधी ती वही मागून घेतलीत आणि शेवटच्या पानापर्यंत वाचलीत. मग शवविच्छेदनात शेळ्यांच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यातून काढलेले जंत मला भिंगाखाली दाखवलेत. रक्ताने भरलेल्या लाल आतड्याभोवती पांढऱ्या अंडाशयाचे वेढे घेतलेली ती मादी मी प्रथमच इतक्या जवळून पाहिली. हिमॉन्कस कॉन्टॉर्टस हे तिचे नाव, आणि अशी एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते, हे आपण सांगितलेत तेव्हा या जंतांत बदल इतक्या झपाट्याने का पसरतात, याचा मला पहिल्यांदा उलगडा झाला.

त्यानंतर आपण डीएनएचा निकाल समोर ठेवलात. अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल या गटातील औषधे जंताच्या बीटा-ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतात आणि त्याच्या पेशींचा सांगाडा उभा राहू देत नाहीत. आमच्या जंतांत त्या प्रथिनाच्या जनुकात, 200 क्रमांकाच्या जागी, डीएनएच्या ‘टी’ या अक्षराऐवजी ‘ए’ आले होते. त्यामुळे फेनिलॲलानिन या अमिनो आम्लाच्या जागी टायरोसिन बसले, आणि औषधाला चिकटायला जागाच उरली नाही. वजन काट्यावर केले काय किंवा अंदाजाने धरले काय, नेहमीच्या मात्रेने असा जंत मरणार नव्हता. या गटातील पहिले औषध, थायाबेंडाझोल, 1961 साली बाजारात आले आणि 1964 पर्यंत त्याला दाद न देणारे जंत मेंढ्यांत आढळलेही होते. इतकी जुनी, ग्रंथांत नोंदलेली गोष्ट मला आधी भेटलेल्या जाणकारांपैकी एकालाही का आठवू नये, हा प्रश्न मला आजही सतावतो.

परंतु ज्या गोष्टीसाठी मी खरोखर आपला ऋणी आहे, ती याहून लहान आहे. आमच्या जंतांच्या जनुकांची तुलना करून आपण जो वंशवृक्ष काढलात, त्याच्या प्रत्येक फांदीच्या टोकाला नमुन्याचा सांकेतिक क्रमांक असेल असे मी धरून चाललो होतो. त्याऐवजी तिथे चांदी, मोरणी, बांडी, धाकटी काळी अशी नावे होती. नमुन्यांच्या बाटल्यांवर मी माझ्या अक्षरात जे लिहून पाठवले होते, तेच आपण आकृतीत तसेच राहू दिलेत. मी विचारले तेव्हा आपण इतकेच म्हणालात की हे जंत ज्यांच्या पोटातून आले त्यांची ही नावे आहेत, ती बदलण्याचे काही कारण नव्हते. ज्या चांदीबद्दल मला इतके दिवस फक्त दूषणे ऐकावी लागली होती, तिचे नाव एका शास्त्रीय आकृतीत आदराने छापलेले पाहून मला त्या खोलीत बोलता आले नाही. आपण तेवढा वेळ काही न बोलता थांबलात, हेही माझ्या लक्षात आहे.

नावांमुळे मला तो वृक्ष वाचताही आला. प्रतिकारक, म्हणजे औषधाला दाद न देणारी, जनुके एकाच फांदीवर नव्हती; ती एकमेकांपासून दूर, दोन ठिकाणी होती, म्हणजे तो बदल एकाच पूर्वजाकडून सर्वांना मिळालेला नव्हता. त्यांतील एका फांदीवर बांडी आणि मोरणी यांच्या शेजारी बाहेरून आणलेल्या बोकडाचे नाव होते. तो आला तेव्हा अंगाने धडधाकट होता, आणि आपण सांगितलेत की अशी निरोगी दिसणारी जनावरेच पोटातले जंत दूरवर पोहोचवतात. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच खंडांतील याच जंताच्या जनुकसंचांची तुलना केली गेली. त्या जंताचे मूळ आफ्रिकेत असावे असे त्यातून दिसते आणि कॅरिबियन बेटांवरील जंतांचे नाते गुलामांच्या व्यापाराच्या काळातील जहाजमार्गांशी जोडले जाते. माणसाने जनावरे जिथे नेली तिथे जंत गेले, हा सगळा प्रवास त्यांच्या डीएनएत उरला आहे.

रोगराई जनावरांकडूनच माणसात येते, असे मी बोलता बोलता म्हणालो, तेव्हा आपण पट्टकृमीचे उदाहरण दिलेत. गुरे आणि डुकरे माणसाळवली गेली सुमारे 10,000 वर्षांपूर्वी; पण माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या टिनिया सॅजिनाटा आणि टिनिया एशियाटिका या दोन भावंड जातींची फारकत त्याच्या कितीतरी लाख वर्षे आधी झाली, असे 2001 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसले. म्हणजे हे पट्टकृमी गुरांनी आपल्याला दिले नाहीत. ते आपल्याच पूर्वजांच्या पोटात होते आणि आपण ते गोठ्यापर्यंत नेले. ज्याच्यावर सहज बोट ठेवता येते त्याच्यावर दोष ढकलण्याची सवय किती जुनी आहे, हे मला त्या दिवशी कळले.

आता आम्ही संपूर्ण कळपाला एकाच वेळी औषध पाजत नाही. पापण्या तपासून ज्या शेळीला गरज आहे तिलाच, आणि दुसऱ्या गटातील औषध देतो. बाकीच्यांच्या पोटात औषधाला बळी पडणारे जंत जगू द्यायचे, म्हणजे त्यांची संतती कुरणावर मिसळून प्रतिकारक जंतांचे प्रमाण वाढू देत नाही, हे आपण समजावून सांगितले नसते तर मला पटणे अशक्य होते. नवे जनावर आले की ते आधी वेगळे बांधले जाते आणि त्याच्या लेंड्या तपासल्या जातात.

विद्वान माणसे मला पुष्कळ भेटली. समोरच्याचे पूर्ण ऐकून घेऊन, त्याची वही वाचून, मगच मत देणारी माणसे विरळा. शास्त्रात असे वागणे हा वेगळा सद्गुण मानला जातो की नाही, मला माहीत नाही. पण माझ्यासारख्या शेळीपालकाला खरे निदान मिळाले ते याच सौजन्यामुळे, कारण आपण ती वही उघडली नसती तर दोष औषधाच्या मात्रेत नाही हे आपल्यालाही दिसले नसते.

उरलेले नमुने पुढील तुलनेसाठी वापरू द्याल का, असे आपण विचारले होते. जरूर वापरावेत, नावांसकट. कुरणावर ओल आली की या वर्षीच्या करडांच्या लेंड्याही पाठवतो. बाटल्यांवर त्यांची नावे आणि आयांची नावे लिहिलेली असतील.

आपला कृतज्ञ,
एक शेळीपालक