साथीची नोंदवही प्रत्येक धर्मग्रामात हवी

मा. संपादक,
स. न.

करोनाकाळातल्या चर्चविषयी कोणी लिहायला बसले की ऑनलाइन मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि रिकामे बाक एवढेच समोर येते. २०२० चा ईस्टर १२ एप्रिलला बंद दारांआड झाला. राज्यातली प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी, पुन्हा उघडली. या तारखा सगळीकडे सापडतात. पण त्या दीड वर्षात वसईच्या धर्मग्रामांतल्या (पॅरिशमधल्या) कार्यकर्त्यांना जे शिकावे लागले, ते कोणत्या दप्तरात आहे? बरेचसे व्हॉट्सअॅप ग्रुपांत होते आणि जुन्या फोनबरोबर गेले. प्रमुख धर्मगुरूंची बदली होते, धर्मग्रामाची सल्लागार पालकीय परिषद बदलते. पुढची साथ आली तर नव्या मंडळींना पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. म्हणून प्रत्येक धर्मग्रामाने एक नोंदवही लिहून काढावी अशी आमची मागणी आहे.

पहिले पान घरांच्या यादीचे. ही यादी समूहवार (शेजारच्या घरांच्या छोट्या गटांनुसार) करावी, पण चर्चच्या कुटुंबनोंदणीवरून उतरवून काढू नये. नोंदणीत फक्त कॅथलिक घरे असतात. चाळीतला परप्रांतीय भाडेकरू, वाडीत कामाला आलेले आदिवासी कुटुंब त्यात नसते आणि लॉकडाऊनमध्ये चूल आधी त्यांचीच थंडावते. समूहाच्या प्रमुखाने गल्लीतले प्रत्येक दार धरावे. एकटे राहणारे वृद्ध, डायलिसिसचा किंवा इन्सुलिनवरचा रुग्ण, गरोदर बाई, रेशनकार्ड नसलेले घर, गाडी असलेला, नर्सिंग शिकलेली, परदेशातल्या मुलाचा फोन, एवढे रकाने पुरेत. यादी दर सहा महिन्यांनी तपासावी. ती नसली की एकाच घरी तीन संस्थांची मदत पोहोचते आणि शेजारचे घर कोरडे राहते.

शिध्याचे गणितही लिहून ठेवावे. एप्रिल २०२० पासून रेशनवर माणशी ५ किलो धान्य मोफत मिळू लागले. तरीही मदतीच्या पिशव्यांत तांदूळच भरला जात होता. कार्डधारक घरात तांदूळ साचतो आणि फोडणीला तेल नसते. चार माणसांच्या पंधरा दिवसांसाठी तेल २ लिटर, तूरडाळ २ किलो, मूग किंवा मसूर १ किलो, साखर दीड किलो, चहा पाव किलो, मीठ १ किलो, हळद-तिखट, कांदे-बटाटे तीन-तीन किलो, अंगाचे व कपड्यांचे साबण आणि सॅनिटरी पॅड हवेत. कार्ड नसलेल्या घराला यावर १० किलो तांदूळ व ५ किलो आटा द्यावा. गॅस आहे का, हे विचारल्याशिवाय पिशवी देऊ नये. लोकल बंद पडल्या की आपल्या वाड्यांतली पालेभाजी मुंबईला जात नाही आणि दोन दिवसांत वाया जाते. ती शेतकऱ्याकडून दाम देऊन घेऊन त्याच पिशवीत घालावी.

ऑक्सिजनबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण इथली चूक जिवावर बेतते. ऑक्सिमीटर थंड बोटावर, मेंदी किंवा नेलपॉलिश लावलेल्या बोटावर चुकीचा आकडा दाखवतो. ९४ च्या खाली आकडा गेला की डॉक्टरला फोन करायचा, संध्याकाळपर्यंत वाट पाहायची नाही. सहा मिनिटे चालल्यावर आकडा तीनपेक्षा जास्त घसरला तरीही तेच. चर्चने घेतलेले कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी मशीन) विजेवर चालतात, म्हणून घरी मशीन देताना सोबत भरलेला सिलिंडर द्यावाच लागतो. जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७००० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला ५ लिटरने तो सुमारे २३ तास पुरतो, १० लिटरने साडेअकरा. लहान बी टाइपमध्ये १५०० लिटर, म्हणजे ५ लिटरने जेमतेम ५ तास. हा तक्ता सिलिंडरवरच चिकटवावा. मशीनला जोडलेल्या बाटलीतले पाणी डिस्टिल्ड असावे, ते रोज बदलावे, आणि फिल्टर आठवड्याने धुवून पूर्ण वाळवून बसवावा. आणखी एक गोष्ट फक्त आपल्या घरांतली: रुग्णाच्या खोलीत घरातल्या आल्तारासमोर (देवघरासमोर) मेणबत्ती पेटलेली असते. ऑक्सिजन सुरू असलेल्या खोलीत ज्योत चालत नाही. आल्तार दुसऱ्या खोलीत हलवावा आणि घरच्यांना कारण समजावून सांगावे. चर्चमध्येही सॅनिटायझर चोळलेले हात पूर्ण वाळल्याशिवाय मेणबत्तीजवळ नेऊ नयेत.

आजाऱ्यांच्या अभ्यंगाबद्दल, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याच्या संस्काराबद्दल, बराच गोंधळ होता. चर्चच्या कायद्याचे कलम १००० सांगते की निकड असेल तर कपाळावर एकदाच तेल लावले तरी पुरते, आणि गंभीर कारण असेल तर धर्मगुरू हाताऐवजी साधन वापरू शकतात. म्हणजे कापसाचा बोळा चालतो. तो घरी असेल तर जाळावा, रुग्णालयात असेल तर वैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकावा. फोनवर पापनिवेदन (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली) होत नाही. मात्र धर्मगुरू पोहोचूच शकत नसतील तर मनापासूनचा पश्चात्ताप आणि शक्य होताच पापनिवेदन करण्याचा निश्चय पुरेसा आहे, याची आठवण व्हॅटिकनने २० मार्च २०२० ला करून दिली होती. म्हणून नर्सने कानाशी फोन धरावा आणि घरच्यांनी पश्चात्तापाची प्रार्थना म्हणावी. हे कित्येक कुटुंबांना कळलेच नाही आणि आपला माणूस संस्काराविना गेला हे दुःख ती अजून वाहत आहेत.

दफनविधीसाठी सहा जणांचे प्रशिक्षित पथक हवे आणि बदली म्हणून आणखी सहा जण. केंद्र सरकारच्या १५ मार्च २०२० च्या सूचनांनुसार प्रार्थना म्हणणे व पवित्र पाणी शिंपडणे चालत होते, चेहरा लांबून दाखवता येत होता. मनाई होती ती आंघोळ घालणे, चुंबन घेणे आणि मिठी मारणे याला. ज्यांना शेवटचा चेहराही दाखवला गेला नाही, त्यांच्यावर अन्याय झाला असेच आम्ही म्हणू. रुग्णवाहिका निघण्याआधी कबर तयार असावी. आपल्या किनारपट्टीच्या रेताड जमिनीत कडा ढासळतात आणि जुलैत खड्ड्यात पाणी भरते, म्हणून पंप व फळ्या जवळ ठेवाव्यात. पेटी उतरवायला रुंद पट्टे वापरावेत, बारीक दोरीने हातमोजे फाटतात. जंतुनाशक म्हणून वापरायच्या १ टक्का हायपोक्लोराइटसाठी ५ टक्क्यांच्या द्रावणाच्या एका भागात चार भाग पाणी घालावे. ते रोज नवे करावे आणि त्यात संडास साफ करायचे अॅसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू तयार होतो. पीपीई उतरवताना आधी हातमोजे आणि गाऊन, हात स्वच्छ करून चष्मा, मास्क सर्वांत शेवटी.

प्लास्टिकच्या पिशवीतला देह लवकर विघटित होत नाही. आपल्याकडे काही वर्षांनी कबर पुन्हा उघडतात, म्हणून त्या काळातल्या कबरींवर वेगळी खूण हवी आणि दफननोंदीत तसा शेरा हवा. दहन करावे लागले तर चर्चची त्याला हरकत नाही, मात्र २०१६ च्या व्हॅटिकनच्या सूचनेनुसार अस्थी घरी ठेवायच्या नाहीत, विखुरायच्याही नाहीत, पवित्र जागी ठेवायच्या. त्यासाठी दफनभूमीच्या भिंतीत कोनाडे आताच बांधावेत. वांद्र्यातील दफनभूमीत करोनाचे मृतदेह पुरण्याविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २२ मे २०२० ला फेटाळली. त्या आदेशाची प्रत वहीत असली की विरोध करणाऱ्या शेजाऱ्यांना ती दाखवता येते.

कागदपत्रांसाठी एक माणूस नेमावा. आरटीपीसीआरचा अहवाल, मृत्यूच्या वैद्यकीय कारणाचा फॉर्म ४ (घरी मृत्यू झाला असल्यास ४ अ) आणि २१ दिवसांच्या आत मृत्यूनोंद. करोनाने गेलेल्यांच्या कुटुंबांना मिळालेल्या पन्नास हजारांच्या सानुग्रह मदतीच्या वेळी अनेक विधवा अडकल्या त्या अहवालाची प्रत जपून ठेवलेली नव्हती म्हणून.

आखातातून आणि कॅनडातून आपली माणसे पैसे पाठवतात, त्याचाही नियम लिहावा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याचे, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचे) कार्ड असले तरी, ठरतात. त्यासाठी परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची एफसीआरए नोंदणी लागते, आणि सप्टेंबर २०२० पासून असा निधी एका संस्थेकडून दुसरीकडे वळवताही येत नाही.

वहीची एक प्रत चर्चच्या कार्यालयात, एक गरिबांना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या शाखेकडे आणि एक धर्मप्रांताकडे असावी. ज्या धर्मग्रामांनी अशी नोंद आधीच केली असेल त्यांनी ती आपल्या पत्राच्या पानांवर प्रसिद्ध करावी, आम्हाला त्यातून आमची वही दुरुस्त करता येईल.

आपले,
काही धर्मग्राम कार्यकर्ते
वसई, जि. पालघर