'फिल्मी स्टाईल' छापण्याआधी विचारा तरी

संपादक साहेब, नमस्कार.

जिल्हा पानावर दर आठ-पंधरा दिवसांनी "फिल्मी स्टाईल चोरी", "वेबसिरीज पाहून रचला कट" अशी हेडिंग येतात म्हणून लिहितोय. मागे आमच्या गल्लीतला एक पोरगा मोटारसायकल चोरीत सापडला आणि छापून आलं की सिरीज बघून शिकला. अहो त्याच्याकडे साधा बटणांचा मोबाईल, घरातला टीव्ही कधीचा बंद, आणि गॅरेजवर तीन वर्षं काम केलेलं, लॉक कसं उघडतं ते तिथंच कळलं असणार ना!

बघून गुन्हा होतच नाही असं नाही, होतो. पण तो ओळखायला काही खुणा लागतात. रे सुरेट नावाच्या अमेरिकन अभ्यासकांनी अशा सात खुणा सांगितल्यात: सिनेमा आधी आणि गुन्हा नंतर का, विषय जुळतो का, एखादा सीन जसाच्या तसा उचललाय का, आरोपी तो सिनेमा सारखा बघायचा का, की बाकीचं सोडून तेवढाच तुकडा बघायचा, तो स्वतः काय सांगतो, आणि घरचे-मित्र काय सांगतात. साधारण पाव गुन्हेगारांनी कधी ना कधी नक्कल केल्याचं कबूल केलं असा त्यांचा अंदाज आहे, पण कबुली एकटी पुरत नाही, सिनेमावर ढकललं की दोष कमी होतो हे आरोपीलाही कळतं.

पहिल्या खुणेवरच किती गाडी अडते बघा. १९८७ ला मुंबईत ऑपेरा हाऊसच्या ज्वेलर्सकडे खोटी सीबीआय धाड पडली, त्यावरचा सिनेमा आला २०१३ ला. आता उद्या आपल्या जळगावच्या सराफ बाजारात कोणी तसं केलं तर शिकवलं कोणी, सिनेमाने की त्या जुन्या घटनेच्या बातमीने? बातमी पण मीडियाच की.

एनसीआरबी म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी काढणारी सरकारी संस्था, तिच्या रिपोर्टमधे खुनाचं कारण म्हणून जुनं वैर, मालमत्तेचा वाद, प्रेमप्रकरण असे रकाने असतात, सिनेमा बघून असा नाही, मग मोजणार कसं. निदान तुमच्या क्राईम रिपोर्टरने पोलिसांना विचारावं, कोणती सिरीज, कोणता सीन, आणि हे सांगितलं कोणी. उत्तर नसेल तर ते वाक्य काढून टाका.

आमच्या गल्लीतला पोरगा जामिनावर घरी आलाय, लोक त्याला अजून 'सिरीजवाला' म्हणूनच हाक मारतात.

— एक वाचक, अमळनेर