‘काल्पनिक’ म्हटलेल्या त्या जमातीचं गाव मी पाहिलं आहे

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत किशोरवयीन मुलांच्या लांडगामाणसांच्या कादंबऱ्यांवरचा लेख वाचला. असल्या पुस्तकांनी मुलं बिघडतात, हे काही मला पटलं नाही. माझ्या नातीने तेराव्या वर्षी ‘ट्वायलाइट’चे चारही भाग संपवले, आता कॉलेजात आहे, आणि बिघडलीच असेल तर मोबाइलने. (ती वेअरवुल्फच म्हणते. मी ‘लांडगामाणूस’ म्हटलं की हसते.) पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. ‘ट्वायलाइट’च्या लेखिका स्टेफनी मायर यांनी त्यात ‘एका काल्पनिक आदिवासी जमातीची दंतकथा’ वापरली, असं लेखात छापलं आहे. ती जमात काल्पनिक नाही. मी त्यांच्या गावाला जाऊन आले आहे.

माझी लेक सिअॅटलला असते. नातीच्या हट्टापायी 2018च्या जुलैत आम्ही गाडीने ला पुशला गेलो. त्या जमातीचं, म्हणजे क्विल्यूट लोकांचं, हे गाव पॅसिफिकच्या काठावर, नदीच्या मुखाशीच वसलेलं. किनाऱ्यावर समुद्राने आणून टाकलेले ओंडके, उन्हापावसाने पांढरे पडलेले; काही तर आडवे पडलेले असूनही माझ्या कमरेच्या वर. नात त्यांवर चढून जेकब, म्हणजे कादंबरीतला लांडगा होणारा क्विल्यूट मुलगा, कुठे दिसतो का बघत होती. माझं लक्ष मात्र रस्त्याकडेच्या निळ्या पाटीवर. मागून लाट आणि पुढे चढावर पळणारा माणूस. त्सुनामी आली तर इकडे पळा. आणि शाळा तेव्हा खाली, समुद्रालगत!

लांडग्याचं म्हणाल, तर क्विल्यूटांची मूळ कथा अशी, की रूपं पालटणारा क्वाटी लांडग्यांची माणसं करतो आणि तेच यांचे पूर्वज. म्हणजे लांडगा आधी, माणूस नंतर. कादंबरीत नेमकं उलटं. रक्तपिपासूंशी वैर, त्यांच्याशी तह, हे सगळं मायरबाईंच्या पदरचं. चौथ्या भागात तर त्यांचंच एक पात्र सांगतं, की हे खरे वेअरवुल्फ नव्हेतच, नुसते रूप बदलणारे. त्यातल्या जेकबचं अंग म्हणे कायम 108 अंशांवर तापलेलं. तीस वर्षं वॉर्डात थर्मामीटर झटकले मी, 104 दिसला की डॉक्टरांना उठवायला पळायचो. असो, कादंबरी आहे.

पण जमात खरी म्हटली की तिचं बाकीचंही खरंच असतं. यांच्या मूळ भाषेत म आणि न हे उच्चारच नाहीत. माझ्या नावात दोन्ही आहेत, तेव्हा हाक मारायची पंचाईतच. 1889 साली गावची माणसं हॉप्स (बिअरमध्ये घालतात ती फुलं) तोडायला बाहेर गेली असताना एका गोऱ्या माणसाने त्यांची घरं जाळली. घरांबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांचे कोरीव मुखवटे आणि टोपल्याही गेल्या. पुस्तक 2005 साली आलं, मग सिनेमे, आणि क्विल्यूटांचं नाव टी-शर्टांवर, दागिन्यांवर परक्याच लोकांनी विकलं. त्सुनामीच्या भीतीने गावाला उंचावर सरकायला राष्ट्रीय उद्यानाची सुमारे 785 एकर जमीन द्यायचा कायदा व्हायला 2012 उजाडलं. त्यावर ओबामांची सही आहे. नवी शाळा वर टेकाडावर 2022 साली सुरू झाली. लेकीने फोटो पाठवला तेव्हा मला ती निळी पाटीच आठवली.

तेव्हा येत्या रविवारी ‘काल्पनिक’ हा शब्द चुकून पडला, एवढं दोन ओळींत छापावं. लेखाचं कात्रण नातीला पाठवायचं ठेवलं आहे. दुरुस्ती आली की दोन्ही एकाच पाकिटात घालीन.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा