रक्त घेण्याआधी पाच मिनिटे बोला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गरोदरपणातील चाचण्यांविषयी वृत्तपत्रांत लिहिले जाते ते बहुतेक वेळा गर्भलिंगनिदानाच्या संदर्भात, आणि ते आवश्यकच आहे. त्याविरुद्ध १९८८ मध्ये कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होते. मात्र बाळाच्या गुणसूत्रांतील दोषांची शक्यता पाहणाऱ्या चाचण्यांच्या काळात बाईच्या जिवाची जी घालमेल होते, तिच्याविषयी फारसे कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी बाराव्या आठवड्यात माझी डबल मार्कर ही अशीच एक रक्तचाचणी झाली. रक्त घेताना 'रुटीन आहे' एवढेच सांगण्यात आले. शनिवारी संध्याकाळी अहवाल थेट मोबाइलवर आला आणि त्यात डाउन सिंड्रोम या गुणसूत्रदोषापुढे तांबड्या अक्षरांत 'हाय रिस्क, १ : १४०' असे छापलेले होते. दवाखाना उघडणार होता सोमवारी. तोपर्यंत मला अन्न गेले नाही, झोप लागली नाही, आणि आपल्या हातून काय चुकले याचाच हिशेब मी रात्रभर करत राहिले.

सोमवारी डॉक्टरबाईंनी कागदावर ठिपके काढून दाखवले, की असा अहवाल आलेल्या १४० जणींपैकी साधारण एकीच्या बाळात हा दोष असतो आणि उरलेल्या १३९ जणींच्या बाळांत नसतो. ही चाचणी म्हणजे चाळणी आहे, निदान नव्हे. आणि यात आईची काहीही चूक नसते. या समजावण्याला पाच मिनिटेही लागली नाहीत. तीच पाच मिनिटे रक्त घेण्याआधी मिळाली असती तर!

पुढे सोळाव्या आठवड्यात निदानासाठी गर्भजल तपासणी, म्हणजे बाळाभोवतीचे पाणी सुईने काढून करायची तपासणी, झाली आणि गुणसूत्रांच्या पूर्ण अहवालासाठी आणखी जवळजवळ तीन आठवडे थांबावे लागले. त्या काळात मोबाइलवर शोधाशोध करणे मी बंद केले, मनात येणारा प्रत्येक प्रश्न वहीत लिहून पुढच्या भेटीत विचारला, आणि घरात फक्त नणंदेला सगळे सांगितले. 'काही होत नाही गं' असे म्हणणारे पुष्कळ होते, पण त्याने मी अधिकच एकटी पडत असे. नणंद मात्र 'भीती वाटणारच' म्हणून नुसती शेजारी बसायची, आणि त्या रात्री मला झोप लागायची. अहवाल काय आला हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तो कसाही आला असता तरी वाट पाहण्याचे ते दिवस तसेच गेले असते.

गर्भजल तपासणीसारख्या चाचणीपूर्वी तिचे ज्ञात दुष्परिणाम स्त्रीला समजावून सांगावेत आणि तिला कळणाऱ्या भाषेत तिची लेखी संमती घ्यावी, असे प्रसवपूर्व निदानतंत्र कायद्यातच म्हटले आहे. माझ्यापुढे मराठी अर्ज आला खरा, पण 'इथे सही करा' यापलीकडे एक शब्दही कुणी बोलले नाही. साध्या रक्तचाचणीच्या वेळी तर तेवढेही घडत नाही.

प्रयोगशाळांना माझी कळकळीची विनंती आहे, की जोखीम जास्त दाखवणारा अहवाल आधी डॉक्टरांकडे जावा आणि त्यांनी फोन केल्यावरच तो बाईच्या हाती पडावा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. 'चाळणी' आणि 'निदान' यांतला फरक तिथे आशाताईंकडून मराठीत सांगता येईल. शिवाय टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते, हे मला फार उशिरा कळले. तो क्रमांक अशा प्रत्येक अहवालाच्या खाली छापावा, म्हणजे शनिवारी रात्रीही बाईला कुणाशी तरी बोलता येईल.

आपली,
एक वाचक, सातारा