नव्या पुलाशेजारचा जुना पूल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबई-नाशिक महामार्गाचे ठाणे ते वडपे आठपदरीकरण सुरू झाल्यापासून आमच्याकडे एकच बोलणे ऐकू येते: साकेत आणि खारेगावच्या खाडीपुलांना जोड मिळाली की कोंडी सुटेल. मी माजिवड्यात राहतो, मानकोलीजवळच्या गोदामात नोकरी करतो आणि गेली बारा वर्षे हे दोन्ही पूल रोज दोनदा ओलांडतो. कोंडी सुटायलाच हवी. पण नवा पूल उभा राहिल्यावर जुन्याचे काय करणार, याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. माझी काळजी ती आहे.

महाडची आठवण काढल्याशिवाय हे नीट सांगता येणार नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्री नदीवरचा 1928 साली बांधलेला पूल पुरात गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या आणि इतर वाहने त्याच्याबरोबर गेली. चाळीसच्या आसपास माणसे दगावली. तेव्हा सगळीकडे 'ब्रिटिशकालीन पूल कोसळला' असे छापून आले, आणि ते खरेच होते. मात्र त्या पुलाच्या शेजारीच नवा पूल होता, हे आज फार थोड्यांना आठवते. एका दिशेची वाहतूक नव्यावरून आणि दुसऱ्या दिशेची जुन्यावरून, अशी ती सोय होती. नवा पूल बांधून झाला, पण जुना निवृत्त झालाच नाही. त्या गाड्यांच्या वाट्याला जुना पूल आला, एवढेच.

पुढे सावित्रीवर दुसरा पूल 165 दिवसांत उभा राहिला. त्या कामाचे कौतुक व्हायलाच हवे. आपल्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला मात्र, घोडबंदरजवळ मुंबई-अहमदाबाद महामार्गाला वसई खाडीपार नेणाऱ्या वर्सोवा पुलाच्या गर्डरला, म्हणजे तुळईला, डिसेंबर 2013 मध्ये तडा दिसला आणि तिथल्या नव्या पुलाची पहिली मार्गिका मार्च 2023 मध्ये खुली झाली. वसई खाडी ही सावित्री नव्हे, तिथले काम कितीतरी मोठे, हे मान्य. तरी सव्वानऊ वर्षे! अवजड वाहतुकीवर निर्बंध आले की गुजरातकडचे कंटेनर चिंचोटी-अंजूरफाटामार्गे भिवंडीत शिरत आणि आमच्या गोदामाच्या दारात दोन दोन तास अडकून पडत. चालक गाडीखाली सावलीला स्टोव्ह पेटवून भात शिजवायचे. तडा गेल्यावर पूल बदलायला घेतला की त्याची किंमत अशी सगळ्यांनी मिळून भरायची असते.

'ब्रिटिशकालीन' या शब्दाने आपण स्वतःची फसवणूकही करून घेतो. गुजरातमध्ये मही नदीवरचा गंभीरा पूल 9 जुलै 2025 रोजी तुटला, तो 1985 चा होता. वाशीचा पहिला खाडीपूल 1973 मध्ये सुरू झाला आणि 1997 मध्ये त्याच्या शेजारी दुसरा बांधावा लागला, कारण खाऱ्या हवेने काँक्रीटच्या आतल्या ताणाच्या केबल गंजल्या होत्या. खाडीवरच्या पुलाचे वय कॅलेंडरवर मोजून भागत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका खाडीपुलावर मी पाऊण तास कोंडीत उभा होतो. शेजारून कंटेनर सरकला की पायाखाली कंप जाणवायचा. पूल थोडा हलायचाच, तो तसाच बांधलेला असतो, असे इंजिनिअर सांगतात आणि त्यावर माझा विश्वास आहे. मला खटकले ते वेगळेच. कठड्याच्या बुडाशी पाणी जाण्याची जी भोके असतात, ती मातीने आणि गुटख्याच्या पुड्यांनी गच्च भरलेली होती. पाणी घोट्यापर्यंत साचले होते. सांध्याच्या फटीत हातभर पिंपळ वाढला होता. साचलेले पाणी फटींतून खाली झिरपते, बेअरिंगपर्यंत, म्हणजे खांब आणि तुळई यांच्यामधल्या टेकूपर्यंत जाते आणि आतली सळई गंजवते. पुलाचे आयुष्य या भोकांनी खाल्ले जाते. ती साफ करायला लोखंडी सळई आणि एक माणूस पुरतो.

वरचे नुकसान डोळ्यांना दिसते तरी. पाण्याखालचे दिसत नाही, आणि पूल बहुधा तिथूनच जातात. पुराचे पाणी खांबाच्या पायाभोवतीचा तळ खरवडून खड्डा करते. पूर ओसरला की त्याच खड्ड्यात भुसभुशीत गाळ येऊन बसतो आणि वरून सगळे पूर्वीसारखे वाटते. सावित्रीच्या पुलाची मे महिन्यातच तपासणी झाली होती, असे दुर्घटनेनंतर सरकारतर्फे सांगण्यात आले होते. मे महिन्यातली नदी आणि ऑगस्टमधली नदी एक नसते. शिवाय आपल्या खाडीत कळवा-मुंब्र्याच्या पट्ट्यात सक्शन पंपांनी रेती उपसण्याचा धंदा वर्षानुवर्षे चालत आला आहे. ज्या तळावर खांब उभे, तोच तळ विकला जात असेल, तर पाणबुडे उतरवून पायाची तपासणी दरवर्षी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर झालीच पाहिजे.

म्हणून मागणी एवढीच आहे. नव्या पुलाचे उद्घाटन ठरेल, त्याच दिवशी शेजारच्या जुन्या पुलाचा निर्णयही जाहीर करा. तो पाडणार, की फक्त हलक्या वाहनांना ठेवणार, आणि किती वर्षे? ठेवणार असाल तर पुलाच्या दोन्ही तोंडांना पाटी लावा: बांधकामाचे साल, भारमर्यादा, शेवटच्या तपासणीची तारीख. हलक्या वाहनांनाच ठेवला तर उंची अडवणारी लोखंडी कमानही बसवा. पुणे जिल्ह्यात कुंडमळ्याला इंद्रायणीवरच्या लोखंडी पुलावर धोक्याचा फलक होता, तरी जून 2025 मध्ये तिथे चार जीव गेले. नुसत्या फलकाने गर्दी थांबत नाही.

मी ज्या पुलावर उभा होतो, त्याचा तपासणी अहवाल पाहायला मिळेल का, असे संबंधित कार्यालयात जाऊन विचारले. तिथल्या गृहस्थांनी खुर्ची दिली, नीट ऐकून घेतले आणि म्हणाले, "साहेब, असं तोंडी नाही देता येत, माहिती अधिकारात अर्ज टाका." अर्ज टाकला आहे. तीस दिवसांची मुदत पुढच्या आठवड्यात संपते. जे उत्तर येईल ते आपल्याकडे पाठवीन, आपण छापावे ही विनंती.

आपला,
एक वाचक, माजिवडा, ठाणे