राखीव पार्किंगबाबत सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

लिफ्टशेजारच्या दोन राखीव जागांवरून या महिन्यात तीनदा वाजलं. परवा 'पाच मिनिटांत काढतो' म्हणून लावलेली गाडी मालक रंकाळ्यावर भेळ खाऊन येईपर्यंत तिथंच होती. बी विंगमधल्या काकूंची व्हीलचेअर खांब आणि बुलेटच्या मधून तिरकी करून काढावी लागली.

रविवारी सकाळी 10 वाजता टेरेसवर बैठक आहे. तोपर्यंत:

- पहिली जागा फक्त दिव्यांगांची. ती 3.6 मीटर रुंद आहे ती व्हीलचेअर उतरवायला. पट्ट्यांच्या भागात दुचाकी लावू नये.
- यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) झेरॉक्स दिली की स्टिकर मिळेल. दिव्यांग व्यक्ती सोबत नसेल तर स्टिकर असूनही गाडी तिथं लावायची नाही.
- दुसरी जागा गरोदर बायका आणि लहान बाळं असलेल्यांची. बाळाचं वय किती धरायचं ते रविवारी ठरवू, पण नववीतला मुलगा त्यात बसत नाही!

'चालता तर येतंय की' असं कुणाला तोंडावर म्हणू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. पार्किन्सन, सिकलसेलही त्यात येतात. शंका आली तर वॉचमनशी हुज्जत न घालता सेक्रेटरींना फोन करा.